जुना फोरट्रान कोड हाती आलाय: नव्याने लिहावा की सांभाळावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. पुण्यात पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. हाती आलंय ते ढगातल्या थेंबांची वाढ मोजणारं एकमितीय मॉडेल, फोरट्रान ७७ मधलं, साधारण अठरा हजार ओळींचं. ज्या सरांनी ते लिहिलं ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. ते चालतं फक्त लॅबमधल्या एका जुन्या ३२-बिट लिनक्स पीसीवर, जी७७ कंपायलरने, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रामने. आलेख काढायच्या स्क्रिप्ट पायथन २ मधल्या. नव्या गाईड मॅडमचं म्हणणं आहे की हे सगळं पायथनमध्ये नव्याने लिहून काढा. तुम्ही विचारताय: लिहायला घेऊ का? आणि फोरट्रानमध्ये दोन-तीन वर्षं गेली तर पुढे नोकरीचं काय?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आत्ता लगेच लिहायला घेऊ नका. मॅडमची काळजी रास्त आहे, एका पीसीवर अख्खी पीएचडी टांगून ठेवणं खरंच धोक्याचं आहे. पण त्या धोक्याचं मूळ त्या भाषेच्या वयात नाही. या प्रोग्रामचं बरोबर उत्तर कोणतं, हे आज तुमच्या लॅबमध्ये कुणालाच ठाऊक नाही. सरांना ते ठाऊक होतं. आलेखाकडे बघून ‘हे काहीतरी गडबड दिसतंय’ असं ते म्हणू शकत होते. ही जाण कुठेही लिहून ठेवलेली नसताना तुम्ही पायथनमध्ये नवा प्रोग्राम लिहिलात, तर तुमच्या हातात दोन प्रोग्राम असतील, दोघांची उत्तरं वेगळी असतील, आणि कोणावर विश्वास ठेवायचा हे सांगायला कुणी नसेल. मी पुण्यात पंचवीसेक वर्षं शास्त्रज्ञांच्या शेजारी बसून त्यांचे प्रोग्राम चालते ठेवायचं काम करतेय, हवामानातले, रेडिओ खगोलशास्त्रातले, थोडे रसायनशास्त्रातले. त्यात अशी अडकलेली मुलं खूप पाहिली आहेत, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. हे मॉडेल तुमच्या संशोधनाचा विषय आहे की फक्त साधन? साधन असेल, म्हणजे त्यातून आलेले आकडे घेऊन तुम्ही वेगळाच प्रश्न सोडवणार असाल, तर त्याला कमीत कमी हात लावा. विषय असेल, म्हणजे थेंब एकमेकांवर आदळून एकत्र होण्याचा नवा सिद्धान्त त्यात घालायचा असेल, तर आतलं सगळं समजून घेण्यावाचून गत्यंतर नाही. तुमच्यानंतर लॅबमध्ये हे कोण वापरणार, हाही प्रश्न मॅडमना विचारा. कुणीच नसेल तर थीसिस पूर्ण होईपर्यंत टिकेल एवढीच डागडुजी पुरे. पुढची तीन-चार मुलं यावरच काम करणार असतील तर जास्त वेळ घालवणं योग्य, आणि मग तो वेळ लॅबने मान्य केला पाहिजे, एकट्या तुमच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

आता भाषेबद्दल. फोरट्रान १९५७ मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाने आणली, हे खरं. पण तिचं सगळ्यात ताजं मानक २०२३ चं आहे. जीफोरट्रान हा तिचा कंपायलर फुकट आणि चालू स्थितीत आहे. इंटेलने आपला जुना कंपायलर आयफोर्ट बंद केला, पण त्याच्या जागी आयएफएक्स दिला. एलएलव्हीएम या मुक्त कंपायलर प्रकल्पाचा फ्लँग आता वापरण्याजोगा होत आलाय. तुमच्याच गावात बघा: पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत बनलेली, ६ किलोमीटरच्या जाळीवर अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचं मूळ जीएफएस या जागतिक मॉडेलच्या घराण्यात आहे, आणि त्या घराण्याची भाषा फोरट्रानच. ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा संगणक २०२४ मध्ये आला तो प्रामुख्याने असेच प्रोग्राम चालवायला. पायथनमध्ये तुम्ही सायपाय या गणिती संग्रहातलं, विकलक समीकरणं सोडवणारं ओडीईइंट वापरता तेव्हासुद्धा त्याच्या पोटात ओडीईपॅक या जुन्या फोरट्रान संग्रहातलीच रीत काम करत असते. सायपायवाले आता असे भाग सी मध्ये नेताहेत, पण एकेक करून, प्रत्येकाच्या चाचण्या हाताशी ठेवून.

लवकर मरतं ते वेगळंच काहीतरी. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा हाताळणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. एप्स हे अमेरिकेतल्या एनआरएओ या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेचं सॉफ्टवेअर १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, बहुतांश फोरट्रानमध्ये, आणि ते आजही चालतं. त्याच्यावर बसून आपोआप प्रतिमा काढून देणारी स्पॅम ही पाइपलाइन मात्र पायथन २ मध्ये लिहिलेली होती. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे खालचा जुना थर धडधाकट आणि वरचा नवा थर आधी अडचणीत. तुमच्या लॅबचंही तेच चित्र आहे. फोरट्रान ७७ च्या अठरा हजार ओळींपेक्षा आलेखांच्या पायथन २ स्क्रिप्टची मला जास्त काळजी वाटते. मॅडमच्या म्हणण्यातला पायथनचा भाग तिथे लगेच अमलात आणा. त्या स्क्रिप्ट पायथन ३ मध्ये बिनधास्त नव्याने लिहा, काम लहान आहे आणि आलेख चुकला तर डोळ्यांना लगेच दिसतो.

खरोखर संकटात सापडलेली भाषा बघायची असेल तर दुर्बिणीच्या प्रतिमांसाठीचं आयराफ बघा. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवलीच्या वेधशाळेसारख्या दृश्यप्रकाशातल्या निरीक्षणांवर काम करणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या. ते लिहिलंय एसपीपी नावाच्या भाषेत, जी आयराफच्या बाहेर जवळपास कुणी वापरत नाही. २०१३ च्या सुमारास मूळ संस्थेने विकास थांबवला, आणि आता जगभरातले स्वयंसेवक ते चालू ठेवतात. त्यांच्यापुढे तांत्रिक कामाइतकीच एक कायदेशीर अडचणही होती: आत ‘न्यूमरिकल रेसिपीज’ या पुस्तकातून उचललेली सबरूटीन (प्रोग्रामचे स्वतंत्रपणे बोलावता येणारे तुकडे) होती, ज्यांचा परवाना मुक्त वाटपाला मोकळीक देत नाही. ती काढून बदलावी लागली. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या कोडमध्येही तसं असण्याची शक्यता बरीच आहे. त्या काळात सगळेच उचलायचे. कुठलं सबरूटीन कुठून आलं ते आत्ताच टिपून ठेवा, नाहीतर कोड प्रसिद्ध करायच्या वेळी अडाल.

तर पहिलं काम. तो जुना पीसी उघडू नका, अपडेट करू नका, त्याच्यावर काही नवीन टाकू नका. त्याच्या पूर्ण डिस्कची प्रत काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. मग सोर्स कोड, मेकफाईल, कंपायलरची आवृत्ती, कंपाइल करताना दिलेले पर्याय, इनपुट फायली आणि सरांनी ज्यावरून पेपर लिहिले त्या आउटपुट फायली हे सगळं एका गिट भांडारात (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) आणा. सोर्स जसाच्या तसा आणा. एकही रिकामी जागा बदलू नका, का ते पुढे येईलच. मोठ्या फायली गिटमध्ये नको, त्यांची फक्त नावं आणि चेकसम (फाईल बदलली का ते सांगणारा आकडा) नोंदवा.

दुसरं काम म्हणजे संदर्भ उत्तरं ठरवणं. इथे घाई करू नका, पुढच्या सगळ्याचा पाया हाच आहे. मी नेहमी तीन प्रकारचे रन घ्यायला सांगते. एक इतका साधा, की त्याचं उत्तर कागदावर काढता येईल. तुमच्या मॉडेलमध्ये सगळी बाष्पाची प्रक्रिया बंद करून कोरडी हवा वर न्या, तापमान दर किलोमीटरला साधारण ९.८ अंशांनी उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर पुढचं काही बघण्यात अर्थ नाही. दुसरा रन नेहमीचा, ज्यात बाष्प, ढगातलं पाणी आणि पाऊस यांची बेरीज प्रत्येक टप्प्यावर छापून घ्या. पाणी कुठून येत नाही आणि कुठे जात नाही, बेरीज कायम राहते का ते दिसेल. तिसरा रन सरांच्या एखाद्या छापील पेपरमधल्या आकृतीचा. ती आकृती जुन्या पीसीवर तुम्हाला पुन्हा काढता आली, तर तुमच्या हातात पक्की जमीन आली. काढता आली नाही तर ते सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आहे. नव्याने काहीही लिहिण्याआधी ते कळलेलं बरं.

यानंतरच नव्या ६४-बिट मशीनवर जीफोरट्रानने कंपाइल करून बघा. जी७७ हा कंपायलर जीसीसी या कंपायलर-संचाच्या ४.० आवृत्तीबरोबर २००५ मध्येच गेला, जीफोरट्रान त्याच्या जागी आला. त्याला ‘लेगसी’ मानक वापरायला सांगा. जीसीसी १० पासून एकाच सबरूटीनला वेगवेगळ्या जागी वेगळ्या प्रकारचे आर्ग्युमेंट दिले तर तो थेट त्रुटी देतो. जुन्या कोडमध्ये हे सर्रास असतं, आणि ते तात्पुरतं चालवून घेण्याचा पर्यायही आहे. पहिल्या खेपेला वापरा, पण त्याच्या सूचना एका फाईलमध्ये साठवा. त्यातल्या काही खऱ्या चुका असतात.

आता कंपाइल झालं आणि उत्तरं जुळत नाहीत, असं होईल. बहुतेक वेळा होतंच. नेहमीच्या जागा सांगते.

पहिली जागा बहात्तरावा स्तंभ. फोरट्रान ७७ मधली ओळ पंच कार्डाच्या मापाची असते. पहिले पाच स्तंभ क्रमांकासाठी, सहावा पुढे चालू दाखवायला, सात ते बहात्तर विधानासाठी. त्र्याहत्तरपासून पुढचं कंपायलर वाचतच नाही. आता समजा संपृक्त बाष्पदाबाचं सूत्र एका लांब ओळीत आहे आणि ओळीच्या शेवटी ‘गुणिले ६.११२’ आहे. कधीतरी कुणीतरी ओळी नीट दिसाव्यात म्हणून पुढे दोन रिकाम्या जागा वाढवल्या, आणि शेवटचे दोन अंक त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या स्तंभांत गेले. कंपायलरने वाचलं ‘६.१’. कुठलीही त्रुटी नाही, प्रोग्राम व्यवस्थित चालतो, बाष्पदाब फक्त ०.२ टक्क्याने कमी येतो. हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मग तुमच्यासारखं कुणीतरी तो कोड फोरट्रान ९० च्या मोकळ्या मांडणीत नेतं, तिथे ओळ १३२ अक्षरांपर्यंत चालते, आणि अचानक पूर्ण ६.११२ वाचलं जातं. उत्तर बदलतं. नेणाऱ्याला वाटतं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, आणि तो आठवडेच्या आठवडे आपल्या कामात चूक शोधत बसतो. खरं तर नवं उत्तर बरोबर आहे, जुनं चुकलेलं होतं.

अशा वेळी माझा एक कडक नियम आहे. आधी नव्या कोडमध्ये मुद्दाम ६.१ लिहा आणि जुनं उत्तर तंतोतंत परत आणा. ते गिटमध्ये नोंदवा. मग वेगळा बदल म्हणून ६.११२ करा आणि त्याने काय काय बदललं ते लिहा. भाषांतर आणि दुरुस्ती एकाच पावलात कधीही करू नका. जीफोरट्रानला सगळ्या सूचना दाखवायला सांगितल्या तर तो अशा कापलेल्या ओळी दाखवतो, ती यादी आधी काढा. आणि सोर्स आणताना रिकाम्या जागेलाही हात लावू नका म्हटलं ते याचसाठी.

दुसरी जागा बायनरी फायली. फोरट्रानची ‘अनफॉरमॅटेड’ फाईल प्रत्येक नोंदीच्या आधी आणि नंतर त्या नोंदीची लांबी लिहिते. समजा २० थरांचं तापमान आहे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे नोंद ८० बाइटची. फाईलचे पहिले चार बाइट पूर्णांक म्हणून वाचले तर ८० यायला हवेत. १३४२१७७२८० आले तर समजा की फाईल सन किंवा एसजीआयसारख्या उलट्या बाइट-क्रमाच्या वर्कस्टेशनवर लिहिलेली आहे, कारण तेच चार बाइट उलटे वाचले की हाच आकडा येतो. जीफोरट्रानमध्ये फाईल उघडतानाच ‘बिग एंडियन’ सांगण्याची सोय आहे. एवढं एक कळलं की जुन्या फायलींचं निम्मं गूढ सुटतं. आणि सुटल्यावर तो डेटा नेटसीडीएफ या, स्वतःची माहिती स्वतःबरोबर ठेवणाऱ्या फाईल-प्रकारात बदलून ठेवा, एककं आणि थरांच्या उंचीसकट. कोडपेक्षा डेटा परत मिळवणं अनेकदा कठीण असतं. १९८० च्या दशकातला ढग परत येणार नाही.

तिसरी जागा म्हणजे सबरूटीनच्या आतली, सुरुवातीची किंमत न दिलेली चलं. जुन्या मशीनवर त्यांना बऱ्याचदा कायमची जागा मिळायची, सुरुवातीला शून्य असायचं, आणि एका कॉलमधली किंमत पुढच्या कॉलपर्यंत टिकायची. लिहिणाऱ्याने नकळत त्यावर भरवसा ठेवलेला असतो. आज ती स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या जागेत जातात आणि त्यात कचरा असतो. जीफोरट्रानला सगळी चलं स्थिर ठेवायला आणि शून्याने सुरू करायला सांगता येतं. त्याने उत्तर जुळलं तर रोगाचं निदान झालं. मग उलट करा: सुरुवातीला ‘संख्या नाही’ ही किंमत भरायला सांगा, ॲरेच्या सीमा तपासायचा पर्याय लावा, आणि अवैध गणित झालं की प्रोग्राम तिथेच थांबेल असं करा. तो ज्या ओळीवर थांबेल ती दुरुस्त करायची, पुन्हा चालवायचं.

सगळे आकडे आपोआप दुहेरी अचूकतेचे करणारा पर्याय काही जण सुचवतील. जपून. त्याने मूळची दुहेरी चलंही आणखी मोठी होऊ शकतात, आणि तुमच्या कोडमध्ये कॉमन ब्लॉक व इक्विव्हलन्स (एकच मेमरी अनेक चलांना वाटून देण्याच्या जुन्या रीती) असणारच, तिथे आकारांचं गणित कोलमडतं.

एवढं सगळं करूनही शेवटचे काही अंक वेगळे येतील, आणि ते ठीक आहे. ३२-बिट पीसीवरचा जुना कंपायलर मधली गणितं ८० बिटांत करत असे, ६४-बिट मशीनवर ती त्या-त्या चलाच्या मापात, ३२ किंवा ६४ बिटांत होतात. बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचा अंक हलतो. प्रश्न हा की किती फरक चालेल. कोरड्या हवेच्या रनमध्ये मी पाच-सहा सार्थ अंक जुळायला हवेत म्हणेन. ढगाच्या रनमध्ये तसं मागणं चुकीचं ठरेल. एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ टाकल्यावर त्यांचं हवामान किती वेगळं निघालं, हे तुम्ही पहिल्याच वर्षी शिकला असाल. तिथे करायचं ते असं: जुन्या पीसीवर सुरुवातीच्या तापमानात अगदी नगण्य बदल करून बरेच रन घ्या, त्यांच्या निकालांचा पसारा बघा, आणि नव्या मशीनचं उत्तर त्या पसाऱ्यात बसतं का तपासा. मोठ्या हवामान मॉडेलचे गटही नवा कंपायलर किंवा नवं मशीन आलं की याच रीतीने खात्री करतात.

इथपर्यंत आलात की मॅडमना दाखवायला तुमच्याकडे नव्या मशीनवर चालणारा, तपासलेला प्रोग्राम असेल. पायथनकडे जायची वाट इथून सुरू होते. एफ२पाय हे साधन नम्पाय या पायथनच्या आकडेमोडीच्या संग्रहाबरोबरच येतं, त्याने फोरट्रानची सबरूटीन थेट पायथनमधून बोलावता येतात. पायथन ३.१२ पासून त्याला मेसॉन हे बिल्ड साधन लागतं, ते आधी बसवून घ्या, नाहीतर उगाच डोकं खाईल. पहिल्यांदा फक्त वरचा कारभार पायथनमध्ये न्या: इनपुट वाचणं, रन लावणं, निकाल साठवणं, आलेख. थेंबांच्या वाढीचा गाभा फोरट्रानमध्येच राहू द्या. मग गरज पडेल तसं एकेक सबरूटीन आधुनिक फोरट्रानमध्ये आणा. ‘आय’ ते ‘एन’ ने सुरू होणारी चलं आपोआप पूर्णांक मानायची जुनी पद्धत बंद करा, कॉमन ब्लॉकच्या जागी मोड्यूल आणा, आणि प्रत्येक बदलानंतर तिन्ही रन चालवा. तुमच्या मॉडेलसारख्या लूपवर लूप असलेल्या गणितात शुद्ध पायथन फार हळू पडतं, म्हणून गाभा तिकडे न्यायची मला तरी घाई दिसत नाही.

मग पूर्ण नव्याने लिहायचं कधीच नाही का? लिहायचं, पण किंमत ओळखून. कणभौतिकीत कणांचा पदार्थातला प्रवास मोजणारं जिअँट ३ हे सॉफ्टवेअर फोरट्रानमधलं होतं. त्याच्या जागी सी++ मधलं जिअँट ४ आणायचं ठरलं, १९९४ च्या अखेरीस काम सुरू झालं आणि १९९८ च्या डिसेंबरमध्ये पहिली आवृत्ती आली. शंभरेक शास्त्रज्ञ त्यात गुंतलेले होते, आणि तरीही काही प्रयोगांनी त्यानंतर कितीतरी वर्षं जिअँट ३ सोडलं नाही. ब्रिटनच्या हवामान खात्याने आपल्या मॉडेलच्या जागी एलएफरिक लिहायला घेतलं तेव्हा शास्त्रीय भाग फोरट्रान २००३ मध्येच ठेवला, आणि समांतर गणनेचा भाग सायक्लोन नावाच्या साधनाकडून आपोआप लिहवून घ्यायचं ठरवलं. जीपीयूवर जायचंच असेल, मूळ सिद्धान्तच बदलायचा असेल, किंवा कोडची मालकी कुणाची हेच कळत नसेल, तर नव्याने लिहिण्याला अर्थ आहे. एकट्या पीएचडीच्या मुलाने थीसिसच्या मुदतीत तेवढ्यासाठी तेवढं करावं, असं मला वाटत नाही.

हल्ली लगेच पुढचा प्रश्न येतो की एआयकडून भाषांतर करून घेऊ का. मी स्वतः वापरते, पण कोड वाचायला. एखादं चारशे ओळींचं सबरूटीन, गोटूने (इकडून तिकडे उडी मारायला लावणाऱ्या आज्ञांनी) भरलेलं, त्यात नेमकं काय चाललंय याचा पहिला आराखडा ते चांगला देतं. भाषांतरही करून देईल, आणि ते वाचायला इतकं स्वच्छ दिसेल की तपासायची इच्छाच होणार नाही. ६.१ की ६.११२ हे त्याला सांगता येणार नाही. तुमचे तीन रन हाताशी असतील तर हरकत नाही, नसतील तर नको.

वारशाने आलेला, कुणी न तपासलेला प्रोग्राम किती महागात पडतो याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. २००६-०७ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित प्रथिन-रचना प्रयोगशाळेला पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले, कारण दुसऱ्या लॅबमधून आलेला एक घरगुती प्रोग्राम डेटाचे दोन स्तंभ उलटे करत होता. भाषेचा त्यात काहीच दोष नव्हता.

आता निवृत्त सरांबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यांना त्रास द्यायला संकोच वाटतो. कृपा करून तो संकोच सोडा. सर पुण्यातच आहेत, फोन करा, वेळ मागा, घरी जा. माझ्या अनुभवात या पिढीच्या लोकांना कुणीतरी आपला कोड गंभीरपणे वाचतोय याचा मनापासून आनंद होतो. मात्र ‘सर, कोड समजावून सांगा’ असं म्हणत जाऊ नका, त्याने काही हाती लागत नाही. मुख्य सबरूटीन छापून न्या आणि नेमकं विचारा. सर, इथे ०.७२ ने गुणलंय तो आकडा कुठून आला? ही अट कधी खरी होते? हा भाग कॉमेंट करून का ठेवलाय, काढून टाकू का? कुठल्या रनवर तुमचा विश्वास आहे आणि कुठल्यावर नाही? ते बोलतील ते परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि त्याच रात्री प्रत्येक सबरूटीनच्या डोक्यावर लिहा: कुठलं समीकरण, कुठल्या पेपरमधलं, कुठली एककं, कुठल्या मर्यादेत चालतं. अठरा हजार ओळींपैकी खरं भौतिकशास्त्र दोन-तीन हजार ओळींत असेल, बाकी वाचणं-छापणं. त्या दोन-तीन हजारांवरच सरांचा वेळ घ्या.

एक गोष्ट मॅडमसाठी, शक्य असेल तर हे त्यांना दाखवा. हे सगळं काम संशोधनच आहे, आणि आपल्याकडे त्याला जागा नाही याचं मला फार वाईट वाटतं. लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२३ मध्ये पुढच्या पंधरा वर्षांसाठी फोरट्रानवर विसंबण्याचे धोके तपासले. त्यात ठळकपणे आलेली गोष्ट म्हणजे माणसं: या भाषेत उत्तम काम करणारे लोक मिळणं अवघड होत जाईल. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे नाव रूढ झालं आणि विद्यापीठांत तशी पदं आली. आपल्याकडे हे काम प्रकल्पावरचा मुलगा करतो, प्रकल्प संपतो, तो हिंजवडीला नोकरीला जातो आणि त्याच्याबरोबर सगळं जातं. पाषाण, गणेशखिंड आणि शिवाजीनगर एवढ्याशा टापूत आयआयटीएम, एनसीएल, आयसर, आयुका, एनसीआरए, सी-डॅक, हवामान खातं, विद्यापीठ सगळे आहेत. प्रत्येकाकडे असा जुना कोड आहे. दोन-तीन संस्थांनी मिळून चार कायमची माणसं ठेवली तरी केवढा फरक पडेल. प्रकल्पाच्या प्रस्तावात कोडच्या देखभालीचे महिने वेगळे मागायला लागा, एवढी तरी सुरुवात गाईड मंडळी करू शकतात.

थीसिसमध्ये या कामाचं एक प्रकरण करा. कोडची कुठली आवृत्ती वापरली, कुठल्या कंपायलरवर, तिन्ही रनचे निकाल काय, जुन्या पेपरमधली कुठली आकृती जुळली, कुठली नाही आणि का. सरांची आणि संस्थेची लेखी परवानगी घेऊन कोड झेनोडो या खुल्या संग्रहात ठेवा, डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि लोक त्याचा संदर्भ देऊ शकतात. सार्वजनिक गिट भांडार असेल तर ते सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहातही जमा करता येतं. कंटेनरही (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) बनवा, परीक्षकाला एका आज्ञेत चालवता येईल. फक्त कंटेनर बनवलाय म्हणून टिपणं लिहायची राहून जाऊ देऊ नका. बंद डब्यातला प्रोग्राम चालतो, पण त्यात पुढे कुणाला काही बदलता येत नाही.

नोकरीचं म्हणाल तर, ‘फोरट्रान येतं’ एवढ्यावर तुम्हाला कुणी घेणार नाही, हे स्पष्ट सांगते. पण अनोळखी मोठा कोड वाचणं, चाचण्या रचणं, संख्यात्मक चूक आणि खरा बदल यांत फरक ओळखणं, फोरट्रान आणि पायथन जोडणं, हे जमणारी माणसं मला मुलाखतींत फार कमी भेटतात. हवामानाच्या आणि संगणकीय रसायनशास्त्राच्या गटांत, सुपरकॉम्प्युटिंगमध्ये, वाहनांच्या किंवा विमानांच्या सिम्युलेशनमध्ये याला चांगली मागणी आहे. बायोडेटात भाषेचं नाव शेवटी लिहा, आधी लिहा की तीस वर्षं जुनं मॉडेल नव्या मशीनवर आणलं आणि त्याचे निकाल पडताळून दाखवले.

डिस्कची प्रत या आठवड्यातच काढा, जुन्या हार्डडिस्कचा भरवसा नसतो. त्यानंतर जीफोरट्रानने कंपाइल करताना अडलात तर इथेच लिहा. कंपायलरची आवृत्ती, दिलेले पर्याय आणि फक्त पहिली त्रुटी, त्या ओळीच्या मागच्या-पुढच्या दहा ओळींसकट. खालच्या शेकडो त्रुटी बहुतेक त्या पहिलीमुळेच आलेल्या असतात, त्या नका पाठवू.